प्रार्थनेच्या रांगेतली आठवण

(अमळनेरला गेल्या हिवाळ्यात एका व्याख्यानमालेत केलेलं हे भाषण. ध्वनिमुद्रणावरून लिहून काढताना काही पुनरुक्ती गाळली आहे, बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)

सुरुवात तुमच्यापासूनच करतो. ज्यांनी पन्नाशी ओलांडली आहे त्यांनी जरा हात वर करा. बरेच आहेत. माझ्याच वयाची मंडळी, बरं वाटलं. आता सांगा, ३१ ऑक्टोबर १९८४ ला, इंदिरा गांधी गेल्याचं कळलं तेव्हा तुम्ही कुठे होता?

बघा, कोणालाही डोकं खाजवावं लागलं नाही. मागचे काका म्हणतात, पाचोरा स्टेशनवर गाडीची वाट बघत होतो. या मावशी बाळंतपणाला माहेरी आल्या होत्या. परवा मंगळवारी रात्री जेवणात काय होतं हे विचारलं तर तुम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघाल, पण चाळीस वर्षांपूर्वीचा बुधवार तुमच्या खिशात आहे.

माझ्याही आहे. मी नववीत होतो. गावातली पत्र्याची शाळा, समोर कडुनिंब, त्याच्याखाली वर्गवार रांगा आणि सकाळची प्रार्थना चाललेली. माझ्या पुढच्या मुलाच्या सदऱ्याची कॉलर एका बाजूने उलटी झाली होती, ती मला आत्ता इथे दिसतेय. मुख्याध्यापक ऑफिसातून बाहेर आले. हातात काळी छत्री. ओट्याच्या पायरीवर थांबले, घसा खाकरला आणि म्हणाले, ‘मुलांनो, आपल्या पंतप्रधान गेल्या.’ दोन मिनिटं आम्ही उभे राहिलो आणि शाळा सुटली. पण कोणी धावलं नाही. शाळा सुटली आणि पोरं धावली नाहीत, असं मी आयुष्यात त्या एकदाच पाहिलं.

पुढे मी मानसशास्त्र शिकवायला लागलो आणि हा प्रसंग माझं हुकमी उदाहरण झाला. १९७७ साली रॉजर ब्राउन आणि जेम्स कुलिक या दोघांनी अशा आठवणींना ‘फ्लॅशबल्ब मेमरी’ असं नाव दिलं होतं. केनेडींच्या खुनाची बातमी कळली तो क्षण अमेरिकेतल्या लोकांना कसा बारकाव्यांसकट आठवतो, हे बघून. जुन्या फोटो स्टुडिओत लख्खकन उजेड पडायचा आणि समोर असेल ते सगळं, मागच्या पडद्याच्या सुरकुतीसकट, फिल्मवर उतरायचं, तसं. मी वर्गात कॉलरची गोष्ट सांगायचो आणि मुलं माना डोलवायची. वीसेक वर्षं डोलवल्या.

मग काही वर्षांपूर्वी आखाजीला आम्ही सगळे गावी जमलो. कडुनिंबाला झोका बांधलेला, लेकीबाळी माहेरी आलेल्या, पुरणाचा घमघमाट. मी ओसरीवर भाचरांना हीच गोष्ट सांगत होतो. माझी मोठी बहीण आत मांडे करत होती. ती हातातली वाटी खाली ठेवून दारात आली आणि म्हणाली, ‘कसानी शाया रे भाऊ? दिवाईनी सुट्टी व्हती ना तवय. आपन मामाना गावले व्हतूत.’

मी हसलो. मानसशास्त्राचा प्राध्यापक मी, आणि स्मृतीविषयी मला सांगणार ही! आम्ही चांगले अर्धा तास भांडलो. ती म्हणे, दोंडाईच्याजवळ मामाच्या मळ्यात होतो, संध्याकाळी ट्रान्झिस्टरवर कळलं, मामी रडायला लागली. मी म्हणे, कॉलर. शेवटी तिने असं केलं की मला आजही तिचा थोडा राग येतो. ती माळ्यावर चढली आणि वडिलांचं गाठोडं खाली घेऊन आली.

आमचे वडील भिंतीवरच्या दिनदर्शिका टाकायचे नाहीत. दुधाचा हिशेब, मजुरी, बैलाला पेंड कधी आणली, सगळं त्या चौकोनांत, शिसपेन्सिलीने. वर्ष संपलं की गुंडाळून धोतराच्या फडक्यात. १९८४ ची काढली. दिवाळी आदल्या आठवड्यातच होऊन गेलेली. २७ ऑक्टोबरच्या चौकोनात वडिलांचं बारीक अक्षर: ‘पोरं दोंडाईचा’. ३१ च्या चौकोनात: ‘बाया ६, भुईमूग’. १० नोव्हेंबरला: ‘पोरं परत’. देशाच्या पंतप्रधान गेल्या त्या चौकोनात माझ्या वडिलांनी भुईमूग उपटायला आलेल्या सहा बायांची मजुरी लिहिली होती. ती खरीच होती.

बरं, सुट्टी नसती तरी माझी गोष्ट टिकलीच नसती. गोळ्या झाडल्या सकाळी साडेनवाच्या आगेमागे. निधनाची बातमी आकाशवाणीने अधिकृतपणे दिली ती संध्याकाळी. ज्याच्या घरी बीबीसी लागायचं त्याला आधी कळलं असेल, पण आमच्या मुख्याध्यापकांना सकाळच्या प्रार्थनेत ते कळायची काही सोय नव्हती. ही वेळ मला माहीत होती, हो! कुठेतरी वाचलेली, वर्गात सांगितलेलीसुद्धा. दोन गोष्टी डोक्यात शेजारी शेजारी राहत होत्या आणि वीस वर्षांत त्यांनी एकमेकींना ओळख दाखवली नाही.

मग कॉलर कुठली? छत्री कुठली? हे मी रचलं का? त्या रात्री मला झोप नव्हती. पहाटे एक तारीख आठवली. २५ नोव्हेंबर १९८४ ला यशवंतराव चव्हाण दिल्लीत गेले. तो रविवार होता. दुसऱ्या दिवशी, सोमवारी, महाराष्ट्रातल्या शाळांत काय झालं असेल? प्रार्थना, दोन मिनिटं, सुट्टी. माझ्या समजुतीप्रमाणे मी त्या रांगेत खरंच उभा होतो. कॉलर खरी, निंब खरा, पोरं न धावणं खरं. फक्त गेलेलं माणूस माझ्या डोक्याने बदललं. महिन्याभराच्या अंतराने झालेले दोन शोक. मोठा होता त्याने धाकट्याचं घर बळकावलं. अर्थात हे मी ‘बहुधा’ म्हणतोय. याला चौकोन नाही. नोव्हेंबरच्या पानावर त्या सोमवारी फक्त दूध लिहिलंय.

तुम्ही म्हणाल, प्राध्यापकांची आठवण कच्ची, त्यात आमचा काय दोष? तर माझ्या सोबतीला एक फार मोठा माणूस आहे. उल्रिक नाइसर. बोधनिक मानसशास्त्र, म्हणजे माणूस जाणतो, लक्षात ठेवतो, विचार करतो ते कसं याचा अभ्यास, या शाखेला ते नाव रूढ करून देणाऱ्यांपैकी हा. याला लहानपणीची एक आठवण होती: ७ डिसेंबर १९४१, पर्ल हार्बरवर जपानने बाँब टाकले, आणि हा रेडिओवर बेसबॉलचा सामना ऐकत बसला होता, सामना थांबवून बातमी सांगितली. कित्येक वर्षं याने ही आठवण बाळगली आणि मग एक दिवस लक्षात आलं की अमेरिकेत डिसेंबरात बेसबॉल नसतोच! आपल्याकडे कोणी सांगावं, भर ज्येष्ठात उसाची गुऱ्हाळं चालू होती, तसं. पुढे दुसऱ्या संशोधकांनी दाखवलं की त्या दिवशी न्यूयॉर्कला फुटबॉलचा सामना चालू होता, आणि खेळणाऱ्या दोन संघांची नावं होती जायंट्स आणि डॉजर्स. बेसबॉलच्या दोन नावाजलेल्या संघांचीही तीच नावं. पोराने सामना ऐकला होता, खेळ मागाहून बदलला.

नाइसरने यावरून रुसून न बसता प्रयोग केला. २८ जानेवारी १९८६ ला ‘चॅलेंजर’ यान उडाल्यावर ७३ सेकंदांत फुटलं, सात अंतराळवीर गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी नाइसर आणि निकोल हार्श यांनी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं: बातमी कुठे कळली, कोणी सांगितली, तेव्हा काय करत होता. कागद कपाटात. अडीच वर्षांनी त्यांतल्या ४४ जणांना पुन्हा तेच विचारलं. सातपैकी गुण द्यायचे ठरवले. सरासरी तीनच्याही आत आली. ४४ पैकी ११ जणांना शून्य, म्हणजे जागा, माणूस, काम सगळंच चुकलेलं. सातपैकी सात मिळवणारे तिघे. पण मला जास्त अस्वस्थ करणारा आकडा दुसराच आहे. ‘तुम्हाला किती खात्री आहे?’ याला ते सरासरी पाचपैकी चारच्या वर गुण देत होते. त्यांचेच जुने कागद, त्यांच्याच अक्षरातले, पुढे ठेवले तरी मूळ आठवण कोणाच्या मनात परत आली नाही. नवीने जुनीची जागा घेतली ती घेतलीच.

तेव्हा आपली जी समजूत आहे ना, की आठवण म्हणजे पेव, जमिनीखाली धान्य ठेवलंय, लागेल तेव्हा वरचा दगड सरकवायचा आणि पायली काढायची, फार तर खालचं थोडं किडेल, ती सोडून द्या. आठवण म्हणजे मांडा आहे. मांडे कोणी पेवात ठेवत नाही. पुरण असतं, कणीक असते, करायची सवय असते. आणि खाणारं आलं की उलट्या खापरावर तो नव्याने टाकायचा. कधी मोठा होतो, कधी कडेला फाटतो, आणि फाटलं की बाई काय करते? तिथलीच कणीक ओढून सांधते. सांधा दिसत नाही. सांधा दिसू नये हीच तर तिची कला. केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेट यांनी हे १९३२ मध्येच मांडलं होतं. त्यांनी इंग्रजांना अमेरिकेतल्या आदिवासींची एक लोककथा वाचायला दिली आणि काही काळाने पुन्हा पुन्हा सांगायला लावली. प्रत्येक वेळी कथा लहान होत गेली आणि जास्त जास्त इंग्रजी होत गेली. तिथले अरुंद कनू जाऊन साध्या होड्या आल्या, भुताखेतांचा न कळणारा भाग गळला. लोक खोटं बोलत नव्हते. गोष्टीला अर्थ लागावा म्हणून आपल्या घरचं पीठ लावत होते.

इथे भावंडांचं एक सांगतो, कारण सभेत भावंडं शेजारी बसलेली दिसतायत. आमच्या घरी विंचू एकालाच चावला होता, लहानपणी, सरपण काढताना. मला वाटतं मला. बहिणीला वाटतं तिला. कळ कशी चढत गेली ते दोघंही सांगू शकतो. २००१ साली मर्सिडीज शीन, सायमन केम्प आणि डेव्हिड रुबिन यांनी जुळ्या भावंडांना विचारून दाखवलं की असे ‘हे माझ्याबरोबर झालं’, ‘नाही, माझ्याबरोबर’ म्हणणारे तंटे खरोखर असतात, आणि जुळ्यांत ते भरपूर. ऐकलेलं इतकं डोळ्यांसमोर उभं राहतं की पाहिलेलंच वाटतं. विंचवाचा निकाल लागायचाय. वडिलांच्या चौकोनांत विंचू नाही.

आता हे सगळं घडतं कुठे? ज्या गावात १९१६ पासून तत्त्वज्ञान मंदिर उभं आहे, तिथे मेंदूची चिरफाड दाखवून मन समजावल्याचा आव मी आणणार नाही. एक माणूस मात्र सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. हेन्री मोलायसन. हयात असेपर्यंत जग त्याला एच. एम. या दोन अक्षरांनीच ओळखायचं. नाव बाहेर आलं ते २००८ मध्ये, तो गेल्यावर. त्याला फेफऱ्याचे झटके यायचे, औषधाने आवरत नव्हते. १९५३ मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी, विल्यम स्कोव्हिल या शल्यविशारदांनी त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंच्या कानशिलांआतला काही भाग काढून टाकला. त्यात हिप्पोकॅम्पस नावाच्या, समुद्रघोड्यासारख्या वळणाच्या अवयवाचा मोठा हिस्सा गेला. झटके कमी झाले. बुद्धी शाबूत, बोलणं गोड, बालपण आठवतंय. पण त्या दिवसापासून नवीन काही टिकेना. डॉक्टर बाहेर जाऊन परत आले की पुन्हा ओळख करून घ्यायची.

ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ त्याला तपासायच्या. त्यांनी त्याला एक चांदणी गिरवायला दिली. मात्र हात थेट बघायचा नाही, आरशात बघून गिरवायची. करून बघा घरी, हात भलतीकडेच जातो. तीन दिवस सराव घेतला. त्याचा हात दर दिवशी सुधारत गेला. आणि दर दिवशी तो म्हणायचा, हे मी कधी केलेलं नाही. म्हणजे हाताला आठवत होतं, त्याला नव्हतं. ‘स्मृती’ या एका शब्दाखाली आपण निरनिराळी कामं करणारी निरनिराळी बिऱ्हाडं कोंबलेली आहेत, हे या एका चांदणीने दाखवलं.

मला हे पुस्तकातून कळलं होतं, पण पटलं ते घरी. आईला शेवटची चार वर्षं अल्झायमर होता. हिप्पोकॅम्पसच्या बाजूला तो आजार लवकर पोचतो, म्हणून सकाळचं दुपारी राहत नाही. मी समोर बसलो की ती फार आदराने विचारायची, ‘तू कोना पोऱ्या शे रे भाऊ?’ मी सांगायचो, तुझाच. तिला ते पटायचं नाही, पण पाहुण्याला दुखवू नये म्हणून मान हलवायची. एक दिवस सांभाळणाऱ्या बाईंनी सहज म्हणून तिच्यापुढे परात ठेवली, कळण्याचं पीठ, तांब्यात पाणी. आईने पाण्यात बोटं बुडवली, पीठ ओढलं, तळहाताच्या टाचेने मळलं, गोळा फिरवत फिरवत थापला, मध्ये एकदा परात अर्धी वळवली, तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवला. भाकरी टम्म फुगली. ती खाली काढून तिने आमच्याकडे बघितलं आणि विचारलं, ‘हाई भाकर कोनी करी?’

आणि आखाजीची गाणी. मुलाचं नाव गेलं तरी गाणी गेली नव्हती. कोणी पहिली ओळ धरली की पुढच्या ओळी ती एकामागून एक काढायची, बिनचूक. मधूनच एखादी ओळ विचारली तर मात्र यायची नाही, पहिल्यापासून सुरू करावं लागे. चालीला बांधलेले शब्द एकमेकांचा हात धरून येतात. लिहिता न येणाऱ्या बायांनी पिढ्यान्‌पिढ्या शेकडो गाणी जपली ती या रीतीने. चाल म्हणजे त्यांची वही होती.

विचार करताना आपण ज्या ओट्यावर सगळं मांडून ठेवतो तो ओटा किती लहान आहे, हे दोन वाक्यांत सांगतो. १९५६ मध्ये जॉर्ज मिलर यांनी ‘सात, दोन इकडे-तिकडे’ असा अंदाज मांडला. पुढे नेल्सन कोवान यांनी २००१ मध्ये तो चारच्या आसपास आणला. इतकीच गाठोडी एका वेळी मनात धरता येतात, आणि म्हणून आपण मोबाइलचा दहा आकडी नंबर ‘अठ्ठ्याण्णव, बावीस’ असा जोड्याजोड्यांनी सांगतो. दहाची पाच गाठोडी झाली. मराठीत नव्याण्णवपर्यंत प्रत्येक आकड्याला स्वतंत्र शब्द आहे म्हणून पोरांना त्रास होतो हे खरं, पण नंबर पाठ करताना तोच त्रास कामाला येतो.

आता जरा जबाबदारीचा विषय. मुंबई-आग्रा रस्त्यावर, समजा नरडाण्याच्या अलीकडे, दोन गाड्यांचा अपघात झाला. गर्दी जमली. कोणी विचारतं, ‘गाड्या धडाधड आदळल्या तेव्हा वेग किती असेल हो?’ दुसरा विचारतो, ‘गाड्या एकमेकींना लागल्या तेव्हा वेग किती असेल?’ घटना एकच. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ मध्ये नेमकं हे केलं. विद्यार्थ्यांना अपघाताच्या फिती दाखवल्या आणि प्रश्नातलं क्रियापद तेवढं बदललं. ‘आदळल्या’ या अर्थाचा शब्द वापरला तेव्हा अंदाज आला सरासरी ताशी ४०.५ मैल, ‘टेकल्या’ या अर्थाचा सौम्य शब्द वापरला तेव्हा ३१.८. आपल्या हिशेबात ६५ आणि ५१ किलोमीटर. इथपर्यंत ठीक, अंदाजच तो. पण दुसऱ्या प्रयोगात आठवड्याने विचारलं: फुटकी काच दिसली होती का? ‘आदळल्या’ ऐकलेल्या ५० जणांपैकी १६ हो म्हणाले, साधा ‘धडकल्या’ ऐकलेल्या ५० पैकी ७. फितीत काच फुटलेलीच नव्हती.

सोळा जणांनी एका क्रियापदातून काच पाहिली. आपल्याकडे पंचनाम्याला, जबाबाला, ग्रामपंचायतीच्या तंट्याला आपण किती बिनधास्त विचारतो! ‘त्याने कुऱ्हाड उगारली तेव्हा तू कुठे होतास?’ अरे, कुऱ्हाड होती की नाही हे अजून ठरायचंय, तू आधीच त्याच्या हातात दिलीस. साक्षीदाराला पहिल्यांदा एवढंच विचारायचं असतं: काय झालं, सांगा. आणि लवकर विचारायचं, चहाच्या टपरीवर चार जणांशी त्याची चर्चा व्हायच्या आत.

मात्र याचा एक गैरवापर मी पाहतो. कोणी बाई तक्रार घेऊन उभी राहिली की एखादा शहाणा म्हणतो, मानसशास्त्र सांगतं, स्मृती फसवी असते. मानसशास्त्र असं सरसकट सांगत नाही. माझ्या आठवणीत तारीख चुकली, माणूस चुकला. पण कोणी मोठं गेलं, शाळा सुटली, आम्ही गप्प घरी गेलो, हे बहुधा चुकलं नाही. गाभा पुष्कळदा टिकतो, कडा बदलतात. आणि हाच नियम तक्रार करणाऱ्याला लागतो तसा नाकारणाऱ्यालाही लागतो. त्याचीही खात्री म्हणजे पुरावा नाही.

आता पालकांचं. कार्यक्रमाआधीच दोघांनी विचारलं, सर, पोराची स्मरणशक्ती वाढायला काय द्यावं? बदाम द्या, पोराला आवडतील. स्मृतीसाठी मी एक कोरा कागद द्या म्हणेन.

हेर्मान एबिंगहाउस नावाचा जर्मन गृहस्थ होता. त्याने १८८५ मध्ये एक पुस्तक काढलं आणि त्यात प्रयोगाला माणूस कोण? तो स्वतःच. वर्षानुवर्षं त्याने ‘बोक’, ‘गुथ’, ‘नाझ’ अशा निरर्थक अक्षरांच्या याद्या पाठ केल्या, विसरला, पुन्हा पाठ केल्या आणि दुसऱ्या खेपेला किती वेळ वाचला ते मोजलं. वीस मिनिटांनंतर ५८ टक्के वेळ वाचायचा. तासाभरानंतर ४४. एका दिवसाने साधारण एक तृतीयांश. महिन्याने जवळपास एक पंचमांश. म्हणजे विसरण्याचा उतार सुरुवातीला सातपुड्याच्या घाटासारखा, नंतर तापीच्या पात्रासारखा सपाट. पहिल्या दिवशी जे वाहून जातं ते जातं. जे टिकलं ते बराच काळ टिकतं.

यावर आपली मुलं काय उपाय करतात? पुन्हा वाचतात. पिवळ्या पेनाने रंगवतात. मी एका मुलीचं पुस्तक पाहिलं, त्यात न रंगवलेल्या ओळी शोधाव्या लागत होत्या. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांचा २००६ चा प्रयोग मी दर वर्षी नव्या वर्गाला सांगतो. एका गटाने उतारा दोनदा वाचला. दुसऱ्याने एकदा वाचला आणि मग पुस्तक मिटून आठवेल ते कोऱ्या कागदावर लिहिलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर दोनदा वाचणारे पुढे: ८१ टक्के, लिहिणारे ७५. इथेच मुलं फसतात, त्यांना वाटतं आलं! आठवड्याने पुन्हा घेतली. वाचणारे ४२ वर आले, लिहिणारे ५६ वर राहिले. आठवायचा प्रयत्न करणं, अडखळणं, ‘अरे, जिभेवर आहे’ म्हणून डोकं धरणं, त्यातच अभ्यास होतो. वाचताना सगळं ओळखीचं वाटतं आणि ओळखीचं वाटणं म्हणजे येणं नव्हे. बाजारात चेहरा ओळखीचा वाटतो, नाव आठवत नाही, तसं.

आमचे जुने गुरुजी संध्याकाळी पाढे म्हणून घ्यायचे, पावकी-निमकीसकट. त्यांना आता घोकंपट्टीवाले म्हणून हिणवायची फॅशन आहे. मला ते पटत नाही. गुरुजी पुस्तक मिटायला लावायचे. ‘सोळा सत्ते?’ असं मध्येच विचारायचे, आणि उद्या पुन्हा विचारायचे, आणि पंधरा दिवसांनी बेसावध पकडायचे. एबिंगहाउसच्या उतारावर जागोजागी बांध घालत होते ते. शिवाय ज्याला सोळा सत्ते एकशे बारा आपोआप येतं, त्याचा तो चार गाठोड्यांचा ओटा गणिताला मोकळा राहतो. माझं भांडण आहे ते अर्थ न कळता निबंध पाठ करण्याशी. पाढा आणि निबंध यांत फरक आहे.

एका तरुणाने चिठ्ठी पाठवली आहे: ‘सर, दिनदर्शिका पाहिल्यावर ती प्रार्थनेची आठवण गेली का?’

नाही गेली. चांगला प्रश्न आहे. मला माहीत आहे की मी त्या दिवशी दोंडाईच्याजवळ मळ्यात होतो. कागद आहे, बहीण आहे, आकाशवाणीची वेळ आहे. तरी ‘३१ ऑक्टोबर’ म्हटलं की मळा दिसत नाही, निंबच दिसतो. मामीचं रडणं मी बहिणीच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की आता कधी कधी ट्रान्झिस्टरचा आवाज येतो. तो माझा की तिचा, ते सांगता येत नाही. धन्यवाद.

(लिहून काढताना आणखी एक. हेच भाषण मी आदल्या वर्षी धुळ्याला केलं होतं, त्याचंही ध्वनिमुद्रण माझ्याकडे आहे. सहज दोन्ही ताडून पाहिली. धुळ्याला मुख्याध्यापक बाहेर आले तेव्हा त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला होता. अमळनेरच्या भाषणात चष्मा नाही, हातात काळी छत्री आहे. नोव्हेंबरातल्या कोरड्या सकाळी ते छत्री घेऊन का उभे होते, कोण जाणे. बहिणीला फोन केला. ती म्हणाली, छत्री आपल्या वडिलांची होती.)